रेकॉर्डचे कव्हर आणि आतले गाणे

वाचकहो, रेकॉर्ड हातात घेतली की आपण आधी कव्हर पाहतो, गाणे मागाहून ऐकतो. या सवयीपायी इटलीतल्या पाच तरुणांचे काय झाले, ते आज सांगायचे आहे.

लिगुरिया हा इटलीचा समुद्रकाठचा प्रांत. तिथल्या ‘मुझेओ रोझेनबाख’ या वाद्यवृंदाची ‘झाराथुस्त्रा’ ही रेकॉर्ड १९७३ साली निघाली. एका बाजूला पाच भागांची, वीस मिनिटांची सलग रचना, तर दुसऱ्या बाजूला तीन गाणी. गायक स्तेफानो गालिफी यांचा आवाज राकट. जोडीला गिटार, ऑर्गन आणि मेलोट्रॉन. मेलोट्रॉन हे पेटीसारखे वाद्य. पट्टी दाबली की आत ध्वनिफीत फिरते आणि व्हायोलिनांचा ताफा ऐकू येतो, पण जेमतेम आठ सेकंद!

कव्हरवर चित्रांचे तुकडे जोडून एक चेहरा केला होता. त्यातला एक तुकडा मुसोलिनीच्या पुतळ्याचा. मुसोलिनी मरून तेव्हा अवघी २८ वर्षे झाली होती. त्याच्या राजवटीत ज्यांनी तुरुंग भोगला, ती माणसे हयात होती. त्यात गाण्यांचा विषय नीत्शेचा महामानव. १९४३ साली हिटलरने मुसोलिनीला वाढदिवसाची भेट पाठवली, ती नीत्शेच्या ग्रंथांचीच!

मग काय, वाद्यवृंदावर फॅसिस्ट म्हणून शिक्का बसला. ‘आमचा महामानव सत्ता गाजवणारा नाही, निसर्गाशी एकरूप होणारा आहे,’ असे त्यांचे म्हणणे. पण ऐकतो कोण? रेकॉर्ड मागे पडली, वाद्यवृंद मोडला. ढोलवादक जानकार्लो गोल्झी यांनी पुढे ‘मातिया बाझार’मध्ये नाव कमावले.

नीत्शेविषयी आपल्यालाही शंका असणारच. मनूची त्याने केलेली स्तुती डॉ. बाबासाहेबांनी ‘फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम’मध्ये उघडी केली. हे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केले. पण बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. नीत्शेचा महामानव निदान गुणांनी मोठा, मनूचा मात्र नुसत्या जन्माने मोठा, म्हणून मनूचे तत्त्वज्ञान अधिक हीन, असा त्यांचा निवाडा. तो त्यांनी दोघांचे ग्रंथ वाचून दिला, नाव ऐकून नव्हे.

‘झाराथुस्त्रा’ला तेवढाही न्याय मिळाला नाही. हुकूमशहाचे चित्र छापणाऱ्यांनी पोळलेल्या माणसांचा विचार करायला हवा होता, हे खरेच. पण आरोप ठेवणाऱ्यांनीही वीस मिनिटे कान द्यायला हरकत नव्हती.

पुढे जपानमध्ये ही रेकॉर्ड पुन्हा निघाली, जगभरच्या शौकिनांनी ती उचलून धरली. २०१३ साली या वाद्यवृंदाची ‘बार्बारिका’ ही नवी रेकॉर्डही आली. मुलाबाळांना जवळ बसवून ‘झाराथुस्त्रा’ एकदा ऐका. कव्हर त्यांना नंतर दाखवा, आणि मग त्यांचे मत विचारा.