ढगांचे डोंगर

डोंगर तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. ते आता जुनं झालं. हल्ली डोंगर तयार व्हायला पाऊण तास लागतो, आणि त्यातली दहा मिनिटं संगणक सुरू व्हायला जातात.

ज्यांना या उद्योगाची कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. काल्पनिक देशांचे नकाशे काढणाऱ्यांची एक भलीमोठी जमात जगभर पसरली आहे. कुणी अद्भुत कादंबरी लिहीत असतो, कुणी चार मित्र जमवून फाशांवर राज्यं जिंकण्याचा खेळ मांडतो, आणि कुणी नुसताच देश काढून ठेवतो. त्याचं काय करायचं ते पुढे बघू म्हणतो. पूर्वी असे नकाशे शाईनं काढत. १९९० साली टॉमस आणि जॉन नॉल या भावांनी केलेलं फोटोशॉप बाजारात आलं, पुढे जिंप नावाचं फुकटातलं भावंडही आलं, आणि या मंडळींच्या हातात ब्रशाऐवजी उंदीर आला. तेव्हापासून नकाशात डोंगराची खूण काढणं मागासलेपणाचं ठरलं. डोंगर खराखुरा दिसला पाहिजे, वाळवंट खरंखुरं दिसलं पाहिजे, जणू काही कुणी उपग्रहातून वाकून फोटोच काढलाय!

या हौसेला माझा विरोध नाही. माणसानं काहीतरी करावं. निदान तेवढा वेळ तो दुसऱ्याला सल्ला देत नाही. माझं भांडण आहे ते 'खराखुरा' या शब्दाशी.

कृती थालीपिठाइतकी सोपी आहे. एक कोरी फाइल घ्यावी. एक रंग काळा, एक पांढरा ठेवून तिच्यावर 'क्लाउड्स' नावाचा फिल्टर फिरवावा. राखाडी ढग जमतात. त्यातला ठरावीक छटेच्या वरचा भाग जमीन आणि खालचा भाग समुद्र, असं जाहीर केलं की किनारा तयार. तोही उंदरानं कुरतडल्यासारखा दंतुर, म्हणजे अगदी अस्सल. मग दुसऱ्या लेयरवर आणखी थोडे ढग पसरून 'लाइटिंग इफेक्ट्स'मधून एका बाजूनं उजेड पाडावा. पांढरे ढग वर उठतात, काळे खाली बसतात, आणि सुरकुतलेली पर्वतराजी उभी राहते. 'बेव्हल अँड एम्बॉस'नं कडा काढाव्यात, चवीपुरता 'नॉइज' भुरभुरावा. सखल भागाला हिरवा, मधे तपकिरी, शेंड्याला पांढरा रंग लावून गरमागरम वाढावं.

ढग म्हणजे काय, तर आकड्यांचा गोंधळ. पण शेजारचा ठिपका शेजाऱ्याला फार सोडून जात नाही, असा शिस्तीतला गोंधळ. या जातीचा गोंधळ गणितानं निर्माण करण्याची एक युक्ती केन पर्लिन या संगणकशास्त्रज्ञानं १९८०च्या दशकात काढली आणि १९९७ साली त्याला तिच्याबद्दल तांत्रिक विभागातलं ऑस्कर मिळालं. गोंधळ घातल्याबद्दल बक्षीस मिळालेला माणूस सरकारी खात्यांबाहेर मला हा एवढाच माहीत आहे. त्याच्या गणिताबद्दल मला आदरच आहे. सिनेमातला धूर, संगमरवर, लाकडाच्या रेषा त्यानं सुरेख होतात. पण गंमत पाहा. खऱ्या जगात डोंगर आधी असतो, तो ढगाला अडवतो, मग पाऊस पडतो. इथं ढगापासून डोंगर होतो, आणि त्या ढगाचा एक थेंब कुठं पडत नाही!

माझा भाचा या विद्येत पारंगत आहे. त्याच्या राज्यातले डोंगर पाहून माणूस थक्क होतो. मीही झालो. मग मी नदीवर बोट ठेवलं.

"ही कुठून निघते रे?"

"या समुद्रातून."

"आणि जाते कुठं?"

"त्या समुद्रात."

"मग हिला नदी का म्हणायचं?"

"मामा, राजधानीपर्यंत जहाजं यायला नकोत का!"

आता बोला. राजधानीची सोय म्हणून ती नदी दोन पर्वतरांगा बिनदिक्कत ओलांडून गेली होती. चढाला तिचा वेगसुद्धा कमी झालेला दिसला नाही.

मी बँकेत कारकून आहे. दिवसाची कॅश जुळल्याशिवाय आमचा कॅशियर खुर्चीतून उठत नाही. नदीचंही तसंच आहे हो! नदी म्हणजे पाण्याचं खातं. वर पाऊस जमा होतो, उपनद्या आपापली भर घालतात, आणि शिल्लक उतारानं पुढच्या पानावर नेली जाते. म्हणून नद्या खाली जाता जाता एकमेकींना मिळतात. फुटतात त्या सहसा मुखाशी, जिथं जमीन सपाट होते आणि गाळ साचतो तिथं. तळ्यात दहा ओढे येऊन पडले तरी बाहेर जाणारी वाट बहुतेक एकच असते. काठाचा सगळ्यांत खालचा बिंदू असेल तिथून पाणी सांडतं, आणि सांडता सांडता तीच वाट आणखी खोल कापत जातं. भाच्याच्या एका तळ्यातून तीन नद्या तीन दिशांना निघाल्या होत्या, आणि तळ्यात येणारी एकही नव्हती. असं खातं आमच्याकडे सापडलं असतं तर मॅनेजर निलंबित झाला असता.

भाचा हुशार आहे. त्यानं दाखला काढला: दक्षिण अमेरिकेतला कासिकियारे. ओरिनोको नदीचं काही पाणी वाटेतच फोडून तो रिओ नेग्रोत, म्हणजे पर्यायानं ॲमेझॉनमध्ये नेऊन टाकतो. १८०० साली हुम्बोल्ट त्यातून होडीनं जाऊन आला. दाखला खरा आहे. पण ज्याच्यासाठी हुम्बोल्टसारख्या माणसाला डास मारत व्हेनेझुएलाच्या जंगलात जावं लागलं, असले प्रकार या पठ्ठ्याच्या एकट्या राज्यात अकरा होते!

डोंगरांची तऱ्हा नद्यांहून वेगळी नाही. ते दोन्ही बाजूंना सारखेच हिरवे. अहो, आमच्या सातारा जिल्ह्यात जाऊन पाहा. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि घाट उतरून पूर्वेला वाईत यावं, तर हजारसुद्धा भरत नाही. आणखी पूर्वेला म्हसवडकडे गेलात तर आभाळाकडे बघून मान दुखते. कारण एकच. वारा अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्री त्याच्याकडून जकात वसूल करतो. आणि तो सह्याद्री पूर्वेला कललेला असल्यामुळे कृष्णा समुद्रापासून पासष्ट-एक किलोमीटरवर जन्मून त्याच्याकडे पाठ फिरवते आणि चौदाशे किलोमीटर चालत दुसऱ्या समुद्राला मिळते. ही वेड्यासारखी वाटणारी गोष्ट खरी आहे, कारण तिला उताराचं कारण आहे.

यावर या जमातीचं ठरलेलं उत्तर असतं. "अहो, ही कल्पनासृष्टी आहे. इथं ड्रॅगन उडतात. ड्रॅगन चालतो आणि नदी चढलेली चालत नाही?"

नाही चालत. ड्रॅगन उडतो असं लेखकानं सांगितलं, वाचकानं मान्य केलं, करार झाला. नदी चढते असं कुणी सांगितलेलं नसतं. ती सांगायची असेल तर जरूर सांगा. आमच्या पुराणकारांनी सांगितलीच की! त्यांच्या नकाशात मेरू पर्वतावर गंगेचे चार प्रवाह होऊन चार दिशांना जातात. पण गंगा आकाशातून पडते, हे त्यांनी आधी स्पष्ट केलं आहे. जंबुद्वीपाभोवती खारं पाणी, मग उसाचा रस, मद्य, तूप, दही, दूध असे एकाबाहेर एक समुद्र त्यांनी घातले, पण दह्याच्या समुद्राचा उपग्रहातून घेतलेला फोटो दाखवून 'बघा, कवडी कशी दिसतेय' असा आव आणला नाही.

टॉल्किननं आधी नकाशा केला आणि मग त्यात गोष्ट बसवली, असं तो स्वतःच सांगत असे. त्याच्या मुलानं काढलेला तो नकाशा १९५४ साली पुस्तकाबरोबर छापला गेला. त्यात डोंगर म्हणजे रेघोट्यांनी काढलेली शिखरं. दुष्टांच्या मॉर्डोर देशाला तीन बाजूंनी पेटीच्या कडांसारखे काटकोनी पर्वत आहेत, आणि भूगोलवाल्यांनी त्यावर नाकं मुरडली आहेत. तरीही तो नकाशा मला प्रामाणिक वाटतो. ती रेघ म्हणते, 'मी रेघ आहे, डोंगर तू मनात उभा कर.' वाचकाला काम मिळतं. फोटोसारखा नकाशा मात्र म्हणतो, 'मी पुरावा आहे.' पुरावा म्हटला की उलटतपासणी आली, आणि पहिल्याच प्रश्नाला साक्षीदार फुटतो.

हाडाचे नकाशाकारसुद्धा डोंगर रंगवतात. एडुआर्ड इमहॉफ (१८९५-१९८६) हा स्वित्झर्लंडचा गृहस्थ त्यात गुरू. ब्रश आणि जलरंग घेऊन त्यानं असे डोंगर उठवले की कागदाला हात लावला तर बोट टोचेल. उजेड पाडायचा तो डाव्या वरच्या कोपऱ्यातून, म्हणजे वायव्येकडून, हा या कलेतला जुना रिवाज. युरोपातला दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो. तेव्हा हा उजेड शुद्ध खोटा! पण उजेड खालून पाडला तर पाहणाऱ्याला डोंगराच्या दऱ्या आणि दऱ्यांचे डोंगर दिसू लागतात, म्हणून हा खोटेपणा सगळे पत्करतात. मुद्दा असा, की इमहॉफचा सूर्य खोटा होता, पण डोंगर खरे होते. तो १९३० साली चीनमध्ये मिन्या कोंका शिखराची उंची मोजायला स्वतः गेला होता. आमच्या मंडळींचा सूर्य अगदी काटेकोर, आणि डोंगर मात्र मिळेल त्या ढगाचे.

खोटा डोंगर चांगला रंगवला की काय होतं, त्याचं उदाहरण इतिहासात आहे. जेम्स रेनेल हा बंगालचा सर्व्हेयर जनरल, मोठा काटेकोर माणूस. नायजर नदी दक्षिणेला समुद्राकडे वळत नाही असं त्याचं मत होतं, म्हणून १७९८ साली त्यानं पश्चिम आफ्रिकेच्या नकाशात एक आडवी पर्वतरांग काढून तिची वाट बंद केली. तिचं नाव कोंग. नदी पुढे दक्षिणेलाच वळून समुद्राला मिळालेली आढळली, तरी पर्वत नकाशांतून हलला नाही. १८८९ साली बँझे नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं तिथं जाऊन आल्यावर सांगितलं, की पर्वत नाहीच! नव्वद वर्षं तो एका नकाशातून दुसऱ्यात उतरत राहिला, कारण छापलेला होता. तरी मी रेनेलला अर्धे मार्क देईन. त्यानं डोंगर काढला तो निदान पाण्याचा विचार करून.

"एवढं मनावर काय घ्यायचं? खेळ तर आहे," असं आमची सौभाग्यवती म्हणते. खेळच असता तर मी गप्प बसलो असतो. पण डोळ्याला एकदा सवय लागली, की छान दिसतंय ना, मग खरंच असणार, तर तोच डोळा पुढे फ्लॅटचं माहितीपत्रक पाहतो. तेही याच फोटोशॉपमध्ये झालेलं असतं. मागे हिरवी टेकडी, पुढे हिरवळ, आणि मधला नाला 'क्लोन स्टॅम्प'नं पुसून त्यावर झोपाळा. नकाशात नाला नाही हे पावसाला कुणी कळवत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अनेक मुंबईकरांना आपल्या शहरातून मिठी नावाची नदी वाहते हे प्रथमच समजलं. ती मात्र आपली वाट विसरली नव्हती.

तेव्हा नकाशे रंगवणाऱ्या समस्त भाच्यांना माझं सांगणं एवढंच आहे. रंगवा, भरपूर रंगवा. पण वारा कुठून येतो ते आधी ठरवा. मग डोंगर घाला. मग पाऊस कुठं पडेल ते पाहा, उतार पाहा, नदी सोडा, आणि नदीच्या काठी गाव वसवा. ढगांचा फिल्टर शेवटी. पाणी पाडून डोंगराची झीज करून दाखवणारी विल्बरसारखी साधनंही आहेत, आणि ती वापरणारे शहाणे लोकही आहेत. त्यांच्याशी माझा वाद नाही. बाकीच्यांनी दिवाळीतला किल्ला आठवावा. तिथं दरवाज्यापेक्षा मावळा मोठा असतो, मावळ्यापेक्षा वाघ मोठा असतो, आणि सलाइनच्या नळीचं कारंजं असतं. खरं म्हणावं असं त्यात काही नसतं. पण किल्ला लिंपून झाला, अळीव पेरले, की पोरं त्यावर तांब्याभर पाणी शिंपडतात, आणि कुठला बुरूज खचतो, चिखल कुठं साचतो, ते तिथल्या तिथं कळतं.

फोटोशॉपमध्ये सगळी हत्यारं आहेत. तेवढा तांब्या कुणी तरी घालायला हवा होता.