श्वासाला टेकू हवा

हिवाळ्यातील पहाट. कळमनुरी किंवा सेनगाव तालुक्यातील कोणतेही एक गाव घ्यावे. न्हाणीजवळच्या चुलीवर पाणी तापत असते, दंवाने ओलावलेल्या पऱ्हाटीचा धूर छपराखाली कोंडलेला असतो आणि त्या धुरात कोणाची तरी आजी खोकत असते. तिने जन्मात विडीला हात लावलेला नाही. तरी आडावरून एक घागर आणताना तिला दोनदा टेकावे लागते. घरची मंडळी म्हणतात, वय झाले; तीही तेच म्हणते. धाप फारच वाढली की गावातल्या दवाखान्यात सुई मिळते, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गावात ती 'दम्याची' म्हणून ओळखली जाते. पण तिचा श्वास आजवर कोणी मोजलेला नाही.

हा नेहमी दमाच असतो असे नाही. वर्षानुवर्षांच्या धुराने, धुळीने वा तंबाखूने श्वासनलिका कायमच्या आकसतात, फुप्फुसाची जाळी विरत जाते आणि गेलेली ताकद परत येत नाही. वैद्यकशास्त्र या विकाराला सीओपीडी म्हणते. २०१६ साली भारतात त्याचे साडेपाच कोटींहून अधिक रुग्ण होते, असा अंदाज 'लॅन्सेट' समूहाच्या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झाला. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा अठरा टक्क्यांचा. दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यात मात्र बत्तीस टक्क्यांचा. हृदयविकाराच्या खालोखाल माणसे नेणाऱ्या या रोगाला आपल्या बोलीत अजून धड नावही नाही.

हा विडीकाडीवाल्यांचा रोग, हा समज मोडून काढण्यात एका मराठी संस्थेचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की, या रोगाच्या पंचवीस ते पंचेचाळीस टक्के रुग्णांनी कधीही धूम्रपान केलेले नसते. लाकूड, गोवऱ्या आणि पिकांचे काड यांचा धूर हे जगातील या रोगाचे कदाचित सर्वांत मोठे कारण असावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या पूर्वसूरींना हे अगदीच अपरिचित नव्हते. चरकसंहितेत श्वासरोगाची कारणे सांगताना धूळ आणि धूर यांचा उल्लेख आरंभीच येतो. ज्ञान होते, चुलीपुढे बसणारीपर्यंत ते पोहोचले नाही.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा पाच तालुक्यांचा, शेतीवर जगणारा जिल्हा. कापूस निघाला की पऱ्हाटी, तूर निघाली की तुराट्या. सरपणाला पैसा लागत नाही. उज्ज्वला योजना २०१६ साली आली आणि गॅसची शेगडी गरिबांच्या घरात पोहोचली, हे मोठेच काम झाले. पण शेगडीवर चहा होतो, भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच राहते; कारण टाकी पुन्हा भरायला रोख रक्कम लागते आणि पऱ्हाटी बांधावर फुकट असते. त्यात सोयाबीनच्या मळणीची धूळ. आणि हळद! वसमत आणि हिंगोलीच्या बाजारांनी या जिल्ह्याचे नाव देशभर नेले. पण ती हळद शिजवताना भट्टीपुढे कोण उभे असते, पॉलिशच्या ड्रमपाशी पिवळ्या धुळीत दिवसभर कोण श्वास घेते, हा प्रश्न भावाच्या चर्चेत येत नाही. ते मजूर, त्यातही स्त्रिया, नाकाला पदर किंवा गमछा लावतात. बारीक धूळ त्यातून सहज आत जाते.

आता शासनाच्या व्यवस्थेकडे पाहू. तीस वर्षांवरील प्रत्येकाची माहिती आशाताईंनी घरोघरी जाऊन एका अर्जात भरायची असते. स्वयंपाक कशावर होतो, लाकडावर, गोवऱ्यांवर की गॅसवर. कामाच्या ठिकाणी धूर-धूळ आहे का. हे त्यात विचारले जाते. ज्याने कोणी हा अर्ज आखला त्याला रोगाचे मूळ ठाऊक होते. पण खरी मेख पुढे आहे. तंबाखू, मद्य, कंबरेचा घेर, व्यायाम यांना त्या अर्जात गुण आहेत आणि गुणांवरून कोणाची तपासणी आधी करायची ते ठरते. चुलीच्या धुराला मात्र एकही गुण नाही. विडी ओढणारा मोजला जातो, चुलीपुढे चाळीस वर्षे बसलेली मोजली जात नाही. पुढे तपासणी होते ती मुख्यतः रक्तदाब, मधुमेह आणि तीन प्रकारच्या कर्करोगांची. फुप्फुसाची ताकद पाहण्यासाठी ज्यात जोराने फुंकायचे असते ते स्पायरोमीटर उपकेंद्रात नसते.

याउलट क्षयरोग पाहा. दोन आठवडे खोकला असला की थुंकीची तपासणी होते. रोग निघाला तर नाव नोंदले जाते, औषध मोफत मिळते, कोणीतरी घरी येऊन चौकशी करते, पोषणासाठी खात्यात पैसेही जमा होतात. हे सारे योग्यच आहे. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत तर? 'टीबी नाही' हे ऐकून आजी आनंदाने घरी परतते आणि व्यवस्थेच्या दृष्टीने तिचा खोकला तिथेच संपतो. क्षयातून बरे झालेल्यांपैकी अनेकांच्या फुप्फुसांवर व्रण राहतात, त्यांना धाप लागत राहते. औषधाचा शेवटचा डोस झाला की त्यांचेही नाव वहीतून जाते.

या रोगावर उपायच नाही, ही समजूत तितकीच घातक आहे. आयुर्वेदाने यासाठी एक नेमका शब्द दिला आहे: 'याप्य'. समूळ बरा न होणारा, पण उपचार चालू असेतो आवरता येणारा. कोसळू पाहणारे घर नीट लावलेल्या टेकूवर उभे राहते, तसा याप्य व्याधीचा रुग्ण उपचारावर उभा राहतो, असे सुश्रुताने म्हटले आहे. हा टेकू फार महागही नाही. श्वासावाटे घ्यायचे औषध, म्हणजे लोक ज्याला 'पंप' म्हणतात ते. रोज थोडे चालणे आणि हातापायांचे साधे व्यायाम. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडण्याची सवय. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी. आणि धुरापासून सुटका.

पंपाविषयी मात्र खेड्यात विलक्षण भीती आहे. 'पंप लागला म्हणजे शेवट आला' असे सुशिक्षित घरांतही बोलले जाते. वस्तुतः पंपातील औषधाची मात्रा अत्यल्प असते आणि ती थेट श्वासनलिकेत जाते. सुईचे औषध सबंध अंगभर फिरते. दम्यावरच्या निनावी पुड्यांत तर स्टिरॉइड मिसळलेले अनेकदा आढळले आहे. पंप नीट ओढता न येणाऱ्यांसाठी स्पेसर नावाची नळी मिळते. ती परवडत नसेल तर? दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ साली दम्याच्या मुलांवर प्रयोग करून दाखवले की, अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडाला भोक पाडून त्यात पंप घट्ट बसवला तर ती विकतच्या स्पेसरइतकेच काम देते. अशी बाटली आरोग्य केंद्रात पाच मिनिटांत तयार होईल.

आमच्या वाचकांत योगाभ्यासी पुष्कळ आहेत, म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. संथ दीर्घ श्वसनाचा या रुग्णांना लाभ होतो. पण धाप लागलेल्या म्हाताऱ्याला शिबिरात बसवून जोरात कपालभाती करायला लावणे आणि 'आता पंप सोडा' असे सांगणे ही सेवा नव्हे, तो त्याच्या जिवाशी खेळ आहे.

हिंगोलीला ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या दहा वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक मिळाले आहे. त्याने आणि जिल्हा रुग्णालयाने मिळून प्रत्येक तालुक्याला महिन्यातून एक ठरलेला दिवस द्यावा. आठवडी बाजाराचा दिवस असला तर उत्तम. स्पायरोमीटर गाडीतून नेता येते. आजीला नांदेडच्या बसमध्ये चढवण्यापेक्षा ते सोपे आहे. निदान एकदा झाले की पंप उपकेंद्रातच मिळावा आणि तो कसा ओढायचा हे समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी दर भेटीत पाहावे, कारण चुकीच्या रीतीने ओढलेले औषध घशातच राहते. आशाताईंवर कामाचा आधीच डोंगर आहे. ही जबाबदारी द्यायची तर तिचा मोबदलाही द्यावा. आणि त्या अर्जात धुराला गुण मिळावेत, ही मागणी हिंगोलीच्या लोकप्रतिनिधींनी मुंबई-दिल्लीत मांडावी. तिला खर्च शून्य आहे.

काही कामे शासनाची वाट न पाहता होण्याजोगी आहेत. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर शासनाने दिले, तसेच दानशूरांनीही दिले. खाटा आणि चाकाच्या खुर्च्या वापरायला देणारी रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे अनेक गावी कार्यकर्ते चालवतात; त्यांनी आपल्या भागातील अशी यंत्रे शोधून, दुरुस्त करून ठेवावीत. ती द्यावीत मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच, रक्तातील प्राणवायू मोजून. ज्याला घरी प्राणवायूची खरोखर गरज असते त्याला तो दिवसाचे पंधरा तास तरी लागतो. तेव्हा वीज किती तास असते, हे आधी विचारावे. आणि त्या खोलीत चूल व विडी दोन्ही नसावीत, कारण प्राणवायूपाशी ठिणगीचा भडका होतो.

हळद शिजवण्याचा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. त्याआधी भट्टीवर आणि ड्रमपाशी काम करणाऱ्यांना धूळ अडवणारे चांगले मास्क देणे हळद उत्पादकांना आणि व्यापाऱ्यांना जड नाही. आणि घरी न्हाणीजवळची ती चूल निदान छपराबाहेर उघड्यावर हलवायला तर एका सकाळीपेक्षा जास्त वेळ लागत नाही. नातवाने मनावर घेतले पाहिजे.