सेटल : जमाबंदीपासून तळीयेपर्यंत

‘क्लेम सेटल झाला.’ ‘हिशोब सेटल केला.’ ‘मुलगा पुण्यात सेटल झाला.’ क्रियापद एकच, अर्थ तीन. मराठीत या प्रत्येकासाठी निराळा शब्द आहे: दावा निकाली निघतो, हिशोब चुकता होतो, माणूस स्थिरावतो. इंग्रजी मात्र रक्कम ठरवणे, वाद मिटवणे आणि वस्ती करणे ही सारी कामे एकाच शब्दावर सोपवते. (त्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतील ‘आसन’ या अर्थाचा शब्द आहे, म्हणजे मूळ भाव बसण्याचा, पैशाचा नव्हे.)

राज्यकारभारात हा शब्द आला तो सारावसुलीसाठी. बंगालमधील १७९३ च्या परमनंट सेटलमेंटला मराठीत कायमधारा म्हणतात. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी सर्व्हे सेटलमेंट उभारली. शेत मोजायचे, जमिनीची प्रत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून द्यायचा. रयतेला त्यातून काही निश्चिती लाभली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ‘सेटल’ होत होती ती रक्कम. पुण्यातील जमाबंदी आयुक्तांचे इंग्रजी पदनाम आजही सेटलमेंट कमिशनर असेच आहे. मराठी पदनाम अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

कोकणात तर खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा होता. १८८० च्या खोती सेटलमेंट कायद्याने खोताचे हक्क कागदावर पक्के झाले. जमीन कसणारे कूळ मात्र त्याच्या मर्जीवरच राहिले. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न ‘सेटल’ होता. तो मिटलेला नव्हता, म्हणूनच १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडावे लागले. खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ साली.

याच कोकणातील महाड तालुक्यात, २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे डोंगर खचला आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. मृतांच्या वारसांसाठी राज्याने पाच लाख, पंतप्रधान निधीतून दोन लाख रुपयांची मदत जाहीर झाली. म्हाडा गाव पुन्हा उभारील, अशी घोषणाही झाली. ही मदत क्षुल्लक नव्हती. तरीही २०२२ चा पावसाळा अनेक कुटुंबांनी कंटेनरच्या घरांत काढला. रकमेपुरता विषय ‘सेटल’ झाला होता, गाव वसायचे होते. २००५ च्या जुलैत याच तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते येथेही दरडींनी माणसे गिळली होती, हे विसरता येत नाही.

म्हणून पुनर्वसनाच्या प्रत्येक अहवालात दोन तारखा स्वतंत्रपणे नोंदवल्या पाहिजेत: रक्कम वारसाच्या हाती कधी पडली, आणि कुटुंब पक्क्या घरात राहायला कधी गेले.