गुडघेबदल: किंमत उतरली, अपेक्षांचे काय?

तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि गुडघेबदल हा शब्द घरोघरी पोहोचला. न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती केली होती. उजव्या गुडघ्याची पाळी जून २००१ मध्ये आली. त्यानंतर हा विषय पुन्हा ठळक बातमीचा झाला तो ऑगस्ट २०१७ मध्ये, किमतीच्या निमित्ताने. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती निश्चित केल्या. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची सरासरी छापील किंमत तोवर १ लाख ५८ हजार रुपयांच्या घरात होती. ती कर वगळून ५४ हजार ७२० रुपयांवर आली.

हा निर्णय आवश्यकच होता. मात्र त्यामुळे सारी चर्चा सांध्याच्या दराभोवतीच फिरत राहिली. कोणता सांधा, किती किमतीचा, देशी की परदेशी, हे प्रश्न नातेवाईक हिरीरीने विचारतात. शस्त्रक्रियेनंतर आपल्याला नेमके काय करता येईल आणि काय येणार नाही, हा प्रश्न मात्र अनेकदा घरी परतल्यावर सुचतो.

गैरसमजाला सुरुवात होते ती शब्दापासूनच. 'गुडघा प्रत्यारोपण' म्हटले की मूत्रपिंडाप्रमाणे जुना गुडघा काढून नवा बसवला असे वाटते. प्रत्यक्षात मांडीच्या आणि नडगीच्या हाडाचे झिजलेले टोक काही मिलिमीटर तासून त्यावर धातूचे आवरण चढवले जाते आणि दोहोंच्या मध्ये उच्च प्रतीच्या प्लास्टिकची चकती बसते. दातावर टोपी बसवण्याशी याचे साम्य अधिक. स्नायू आणि बहुतांश अस्थिबंध रुग्णाचे स्वतःचेच राहतात. त्यामुळे अनेक वर्षे लंगडत चालून दुबळा झालेला मांडीचा स्नायू शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीही दुबळाच असतो.

ही शस्त्रक्रिया मुळात वेदना घालवण्यासाठी आहे आणि त्या कामी ती वैद्यकशास्त्रातील सर्वांत यशस्वी शस्त्रक्रियांपैकी एक मानली जाते. तरीही परदेशांतील पाहण्यांमध्ये साधारण पाचांपैकी एक रुग्ण पूर्ण समाधानी नसल्याचे आढळले आहे. सांधा नीट बसूनही ही नाराजी का उरते? त्याचे एक मोठे कारण शस्त्रक्रियेपूर्वीच्या अवाजवी अपेक्षा हे आहे. आपल्याकडे त्यात मांडी घालून बसण्याची भर पडते. कृत्रिम सांधा बहुतेकांचा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीतून उठायला आणि जिने चढायला तेवढे पुरते. उकिडवे बसायला पुरत नाही. देवपूजा, पंगत, भजन, गावच्या घरातील भारतीय पद्धतीचा संडास अशा सगळ्या ठिकाणी आपले आयुष्य जमिनीशी जोडलेले. काही रुग्ण पुढे मांडी घालू शकतात, पण ते गृहीत धरता येत नाही. घरात कमोड आणि उंच खुर्ची यांची सोय आधीच करून ठेवणे शहाणपणाचे. अधिक वाकणारे म्हणून जादा दराने विकले गेलेले 'हाय फ्लेक्स' सांधे तुलनात्मक अभ्यासांत नेहमीच्या सांध्यांपेक्षा फारसे सरस ठरलेले नाहीत. सध्या जाहिरातींत झळकणाऱ्या रोबोबद्दलही सबुरीने घ्यावे. हाडाचा काप अधिक अचूक येतो हे खरे, पण त्यामुळे रुग्ण दहा वर्षांनी अधिक चांगला चालतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

शस्त्रक्रियेला एक ते दोन तास लागतात आणि बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकर देऊन उभे केले जाते. तिसऱ्या दिवशी चालणाऱ्या आजींची चित्रफीत पाहून कुटुंबीय निर्धास्त होतात. खरी कसोटी त्यापुढच्या सहा आठवड्यांची असते. सूज, रात्रीचे ठणकणे, वाकवताना होणारी वेदना हे सारे अपेक्षितच आहे. पण ते आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण घाबरतो आणि व्यायाम सोडतो. व्यायाम सुटला की सांधा आखडतो. नेहमीची कामे सुरळीत व्हायला तीन महिने, आणि सूज व ताठरपणा पूर्ण ओसरायला वर्षही लागू शकते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा काहीशी बधिर राहते, ती बहुतेकांची कायमच.

सर्वांत गंभीर धोका जंतुसंसर्गाचा. त्याचे प्रमाण शेकडा एक-दोन इतकेच, पण झाल्यास सांधा काढून पुन्हा बसवण्याची वेळ येऊ शकते. मधुमेह आटोक्यात आणल्याशिवाय घाई करू नये ती याच कारणासाठी. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून औषधे दिली जातात. पोटरी अचानक दुखू-सुजू लागली किंवा धाप लागली, तर तातडीने डॉक्टरांना गाठावे. दोन्ही गुडघे एकाच वेळी करण्याचा आग्रह खर्च वाचतो म्हणून धरला जातो. वृद्ध आणि हृदयविकाराच्या रुग्णांत तो जोखमीचा ठरतो. वाजपेयी यांच्या दोन शस्त्रक्रियांमध्ये आठ महिन्यांचे अंतर होते, हे येथे आठवावे.

टिकण्याची चिंता मात्र पूर्वीइतकी उरलेली नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार शंभरांपैकी सुमारे ८२ सांधे २५ वर्षे टिकतात. पन्नाशीतल्या रुग्णाला मात्र वजन घटवणे आणि व्यायाम हे उपाय आधी पुरेसे करून पाहायला सांगितले जाते, कारण दुसऱ्यांदा केलेली शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड आणि महागही असते.

राहता राहिला खर्च. २०१७ चा आदेश सांध्यापुरता होता. खोलीभाडे, शस्त्रक्रियागृह, सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचे शुल्क त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. विमा पॉलिसींमध्ये सांधेबदलासाठी सहसा काही वर्षांचा प्रतीक्षा कालावधी असतो, तो आधीच तपासावा. त्यापलीकडचा खर्च तर अंदाजपत्रकात बहुधा लिहिलेलाच नसतो: घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, रात्री सोबतीला माणूस, लिफ्ट नसलेल्या इमारतीतून तपासणीसाठी खाली उतरवण्याची व्यवस्था. मुले परदेशी आणि घरात दोघेच वृद्ध, अशी कुटुंबे पुण्या-मुंबईत आता थोडीथोडकी नाहीत. त्यांनी दाखल होण्याची तारीख ठरवण्याआधी पुढचे सहा आठवडे घरी कोण असेल, हे ठरवलेले बरे.