चाके बदलणाऱ्या हातांचा प्रश्न

स्वीडनमध्ये हिवाळ्याची चाहूल प्रथम मोटारींच्या चाकांना लागते. १ डिसेंबर ते ३१ मार्च या काळात रस्त्यावर बर्फ किंवा निसरडेपणा असेल तर मोटारीला हिवाळी टायर असलेच पाहिजेत, आणि त्यांच्या खाचांची खोली किमान ३ मिलिमीटर असली पाहिजे, असा तेथील कायदा आहे. खिळे बसवलेले टायर १ ऑक्टोबरपासून १५ एप्रिलपर्यंत चालतात. एरवी त्यांना बंदी. परिणामी बहुतेक मोटारमालक रिमांसह चाकांचे दोन संच बाळगतात. एक संच गाडीवर आणि दुसरा टायर सांभाळणाऱ्या गोदामात. वर्षातून दोनदा ही अदलाबदल करावी लागते आणि शरद ऋतूत त्यासाठी कार्यशाळांपुढे रांगा लागतात. नेमक्या याच दिवसांत, २७ ऑक्टोबर २०२३ रोजी, ‘आयएफ मेटल’ या कामगार संघटनेने टेस्लाच्या कार्यशाळांमध्ये संप पुकारला. हा योगायोग असो वा नसो, चाके कोण बदलणार आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न त्या दिवसापासून केवळ गॅरेजचा राहिला नाही.

चाक बदलणे हे वरकरणी किरकोळ काम. विजेच्या मोटारीच्या बाबतीत मात्र ते तितके किरकोळ नसते. बॅटरी गाडीच्या तळाशी सपाट पसरलेली असते. जॅक ठरवून दिलेल्या चार जागा सोडून अन्यत्र लावला, तर गाडीतील सर्वांत महागड्या भागालाच इजा पोहोचू शकते. बॅटरीमुळे गाडीचे वजन वाढते, म्हणून टायरही तो भार पेलणारे लागतात. विजेची मोटार क्षणार्धात जोर पकडत असल्याने टायरांची झीज लवकर होते. तापमान ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड सुटू लागते. हिवाळी टायरचे रबर मऊ राहते. सारांश, या कामाला कौशल्य लागते आणि त्यात चूक झाली तर किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागते.

मेकॅनिकांची मागणी काय, तर टेस्लाच्या स्वीडनमधील उपकंपनीने सामूहिक करारावर सही करावी. भारतीय वाचकाला ही मागणी माफक वाटेल, आणि ती तशी आहेही. परंतु तिचा अर्थ समजण्यासाठी स्वीडनची घडी समजून घ्यायला हवी. त्या देशात किमान वेतनाचा कायदाच नाही. वेतन, सुट्ट्या, विमा, निवृत्तिवेतन हे सारे मालक आणि संघटना आपसांत करार करून ठरवतात; सरकार शक्यतो बाजूला राहते. १९३८ साली साल्टशेबाडेन येथे झालेल्या समझोत्याने या पद्धतीचा पाया घातला. आज तेथील १०पैकी सुमारे ९ कामगार अशा करारांच्या छत्राखाली आहेत. कायद्याची जागाच कराराने घेतलेली असल्याने, सही नाकारणे म्हणजे एका संघटनेला नव्हे, तर त्या साऱ्या व्यवस्थेला नकार देणे ठरते.

म्हणूनच जेमतेम शे-सव्वाशे मेकॅनिकांच्या या तंट्यात इतर कामगारांनी उडी घेतली. गोदी कामगारांनी टेस्लाच्या मोटारी जहाजांवरून उतरवणे थांबवले. टपाल कर्मचाऱ्यांनी नव्या गाड्यांच्या नंबरप्लेट पोहोचवण्यास नकार दिला. रंगारी, वीजतंत्री आणि सफाई कामगारही मागे राहिले नाहीत. पुढे डेन्मार्क, नॉर्वे आणि फिनलंडमधील संघटनांनीही पाठिंबा दिला. इलॉन मस्क यांनी या प्रकाराला शुद्ध वेडेपणा म्हटले आणि कंपनीने न्यायालयात धाव घेतली.

तरीही कंपनी झुकली नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये या संपाला दोन वर्षे पूर्ण झाली, तेव्हाही करारावर सही नव्हतीच. याचे कारण उघड आहे. कार्यशाळा कशाबशा चालू राहिल्या. बाहेरून माणसे आणून संप फोडला जात असल्याचा आरोप संघटनेने केला. चाके बदलण्याचे काम तर अन्य गॅरेजमध्येही होऊ शकते. गाड्यांची विक्रीही थांबली नाही. २०२३ मध्ये ‘मॉडेल वाय’ ही स्वीडनमध्ये सर्वाधिक खपलेली मोटार ठरली. आपण कराराइतक्याच किंबहुना अधिक चांगल्या सवलती देतो, असे कंपनीचे म्हणणे. ते खरे मानले, तरी प्रश्न उरतोच. मालकाने दिलेली सवलत मालक काढूनही घेऊ शकतो. कराराने मिळालेला हक्क तसा काढता येत नाही. स्वीडनमध्ये सही केली तर जर्मनीतील कारखान्यापासून अमेरिकेपर्यंत तीच मागणी उठेल, ही भीती कंपनीच्या ताठरपणामागे असावी.

संघटनांचीही बाजू निखळ नाही. ज्याचा या तंट्याशी संबंध नाही अशा ग्राहकाची नंबरप्लेट अडवणे कितपत न्याय्य, हा सवाल तेथील उद्योगजगत विचारते आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. सहानुभूतीच्या कारवाईचे शस्त्र वर्षानुवर्षे उपसून ठेवले की त्याची धार बोथट होते.

मुंबईला हा विषय परका नाही. टेस्लाने आपले भारतातील पहिले दालन १५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले. त्याच शहरात १९८२ साली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. तेव्हाही वेतनाइतकाच कळीचा मुद्दा होता तो मालकांनी बोलायचे कोणाशी हा. कायद्याने मान्यता एका संघटनेला आणि कामगार दुसऱ्या नेत्यामागे, या पेचात बोलणी अडली आणि संपाची सांगता कधी झालीच नाही. स्वीडिश मेकॅनिकांच्या पाठीशी निदान इतर कामगारांची एकजूट आणि संपकाळात भत्ता देणारी संघटना आहे. गिरणगावाच्या नशिबी तेही नव्हते.

विजेची मोटार धूर सोडत नाही, म्हणून ती भविष्याची मोटार मानली जाते. परंतु तिलाही चाके असतात, ती झिजतात, आणि ऋतू बदलला की कोणाला तरी वाकून ती बदलावी लागतात. त्या माणसाशी लेखी करार करायला जो उद्योग तयार नाही, त्याने भविष्याची भाषा जपून वापरलेली बरी.