बंद खोलीतला निकाल आणि मैदानातला प्रेक्षक

२१ जुलै २०२४. नॉर्वेतल्या ट्रॉन्हेम शहरात रोझनबर्ग विरुद्ध लिलेस्ट्रॉम असा साखळी सामना सुरू होता. थोड्याच वेळात प्रेक्षकांतून टेनिसचे चेंडू मैदानात येऊन पडू लागले. मागोमाग धुराच्या कांड्या आणि चक्क माशाचे वडे आले. सामना थांबला, सुरू झाला, पुन्हा थांबला आणि शेवटी रद्द झाला. एरवी एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन्ही संघांचे समर्थक त्या दिवशी एका बाजूला होते. त्यांचा राग समोरच्या संघावर नव्हता. तो होता ‘व्हिडिओ असिस्टंट रेफरी’वर, म्हणजेच व्हीएआरवर.

खायची वस्तू मैदानात फेकणं मला पटत नाही. पण ‘युरोपातले हुल्लडबाज’ म्हणून हा विषय झटकून टाकणंही पटत नाही. पंचाचा निर्णय व्हिडिओवर तपासून घेण्याची सोय चाहत्यांनीच वर्षानुवर्षं मागितली होती. मग ती मिळाल्यावर तेच चाहते तिच्या विरोधात का उभे राहिले? ‘लोकांना तंत्रज्ञान नको असतं’ हे त्याचं सोपं उत्तर आहे आणि माझ्या मते ते चुकीचं आहे. लोकांना न्याय हवाच आहे. पण तो आपल्याला न विचारता, न सांगता, न दाखवता दुसरीकडेच कुठेतरी होतो, हे त्यांना सहन होत नाही.

मागणी कुठून आली?

२२ जून १९८६ रोजी मेक्सिकोतल्या अझ्टेका मैदानावर मॅराडोनानं हातानं गोल केला. ट्युनिशियाचे पंच अली बेन्नासर यांना हात दिसला नाही आणि इंग्लंड २-१ असा हरला. नोव्हेंबर २००९ मध्ये पॅरिसजवळ थिएरी ऑन्रीनं चेंडू हातानं अडवून पास दिला. त्यावर झालेल्या गोलमुळे आयर्लंडची २०१० च्या विश्वचषकाची वाट बंद झाली. त्याच विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका आडव्या खांबाला लागून रेषेच्या चांगला आत पडला. जगानं टीव्हीवर पाहिलं, पंचांना मात्र दिसलं नाही.

घरी बसलेल्या माणसाला दहा सेकंदांत जे कळतं, ते मैदानातल्या पंचाला कळत नाही, ही विसंगती फार दिवस टिकणारी नव्हती. २०१२ साली गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली. चेंडू रेषेपार गेला की पंचाच्या घड्याळावर एका सेकंदात इशारा येतो.

या यंत्राविरुद्ध कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. तेही एकदा फसलं आहे. जून २०२० मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाचा गोलरक्षक चेंडू घेऊन रेषेच्या आत गेला, पण खेळाडूंच्या गर्दीत कॅमेऱ्यांना चेंडू दिसला नाही. शेफील्ड युनायटेडचा गोल गेला. त्या मोसमात व्हिला अवघ्या एका गुणानं पहिल्या विभागात टिकला. तरीही गोलरेषा यंत्र काढून टाका, असं कुणी म्हटलं नाही. कारण तिथे प्रश्न साधा आहे. चेंडू आत गेला की नाही? उत्तर हो किंवा नाही, आणि तेही तत्काळ.

कॅमेऱ्यामागेही माणूसच

व्हीएआरचं तसं नाही. मार्च २०१८ मध्ये तो फुटबॉलच्या नियमांत आला आणि त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात वापरला गेला. त्याची कक्षा चार गोष्टींपुरती ठरली : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला झालेली शिक्षा. त्यातही पंचाची चूक ‘स्पष्ट आणि उघड’ असेल तरच हस्तक्षेप करायचा. कमीत कमी ढवळाढवळ, जास्तीत जास्त फायदा, असं ब्रीद होतं.

पण ‘स्पष्ट आणि उघड’ म्हणजे किती स्पष्ट? हे कॅमेरा सांगत नाही. ते पडद्यासमोर बसलेला दुसरा पंच ठरवतो. म्हणजे एका माणसाच्या मतावर दुसऱ्या माणसाचं मत, एवढाच फरक. चेंडू हाताला लागला हे चित्रात दिसतं. हात ‘नैसर्गिक’ जागी होता की नव्हता, हे चित्रात दिसत नाही. त्यात संथ गतीचं चित्रण फसवं असतं. एखादी कृती संथ गतीत पाहिली की ती जास्त जाणूनबुजून केल्यासारखी वाटते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली प्रयोगांतून दाखवून दिलं आहे. वेगात झालेली साधी धडक दहा वेळा संथ गतीत पाहिली की ती हल्ला दिसू लागते.

ऑफसाइडची गोष्ट तर आणखी गमतीची. टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं टिपतो असं धरू. सेकंदाला ८ मीटर वेगानं धावणारा खेळाडू दोन चित्रांच्या मधल्या वेळात १६ सेंटीमीटर पुढे जातो. मग पडद्यावर रेषा आखून ‘याची काख दोन सेंटीमीटर पुढे आहे’ असं सांगण्यात किती अर्थ आहे? ऑफसाइडचा नियम गोलपाशी आयता तळ ठोकून बसणाऱ्याला रोखण्यासाठी होता. बुटाचं टोक मोजण्यासाठी नव्हता.

ही अडचण तंत्रज्ञानानंच बरीच कमी केली, हेही सांगायला हवं. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात छताखाली १२ कॅमेरे होते, ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू टिपत होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. प्रीमियर लीगनंही एप्रिल २०२५ मध्ये अशी अर्धस्वयंचलित पद्धत आणली. तरी त्याच्या महिनाभर आधी, १ मार्च २०२५ रोजी, एफए कपमध्ये बोर्नमथ आणि वुल्व्ह्ज यांच्या सामन्यात एक गोल तपासायला तब्बल आठ मिनिटं लागली. ९० मिनिटांच्या खेळात आठ मिनिटं हजारो माणसं उभी राहून कशाची तरी वाट पाहत होती.

गोल झाल्यावर करायचं काय?

फुटबॉलमध्ये गोल दुर्मीळ असतो. क्रिकेटमध्ये दिवसभरात शेकडो धावा होतात. इथे दोन तासांत एखादाच क्षण येतो, कधी तोही येत नाही. त्या क्षणासाठी माणूस तिकीट काढतो, थंडीपावसात उभा राहतो, ओळखदेख नसलेल्या शेजाऱ्याच्या गळ्यात पडतो.

१७ एप्रिल २०१९ ची चॅम्पियन्स लीगमधली मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅमची लढत आठवून पाहा. ९३व्या मिनिटाला रहीम स्टर्लिंगनं गोल केला. सिटी उपांत्य फेरीत गेल्याच्या आनंदात मैदान उसळलं, प्रशिक्षक पेप गार्डिओला धावत सुटले. मग व्हीएआरनं सांगितलं, अ‍ॅग्वेरो ऑफसाइड होता. गोल रद्द. टॉटनहॅम पुढे गेला.

निर्णय बरोबरच होता. जुन्या पद्धतीत टॉटनहॅमवर अन्याय झाला असता. पण त्या रात्रीपासून प्रेक्षकाला एक धडा मिळाला : गोल झाला तरी लगेच नाचू नका. आता जाळी हलली की चाहता आधी पंचाकडे बघतो. पंचाचा हात कानाकडे गेला का? आनंदाची जागा आधी संशयानं घेतली आणि आनंद झाला तरी तो हप्त्यानं मिळू लागला. अचूकतेच्या तक्त्यात या नुकसानीसाठी रकाना नाही.

प्रीमियर लीगनं २०२४ मध्ये सांगितलं की व्हीएआरमुळे महत्त्वाच्या निर्णयांची अचूकता ८२ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेली. हा आकडा मी नाकारत नाही. १०० पैकी १४ जादा निर्णय बरोबर येणं ही छोटी गोष्ट नाही. एखाद्या छोट्या क्लबचं वर्ष त्यातल्या एका निर्णयावर टिकू शकतं. म्हणून ‘व्हीएआर फेकून द्या’ म्हणणाऱ्यांत मी नाही. पण बरोबर निर्णय आणि पटणारा निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खेळाला दोन्ही लागतात.

कानावर न येणारी सुनावणी

इंग्लंडमध्ये व्हीएआरचे पंच लंडनच्या पश्चिमेला स्टॉकली पार्क नावाच्या व्यावसायिक संकुलात बसतात. सामना मँचेस्टरला असेल तर निर्णय सुमारे ३०० किलोमीटरवर होतो. स्टेडियमच्या पडद्यावर तपासणीचा छोटासा संदेश येतो. कोणत्या कोनातून तपासताहेत, आपसात काय बोलताहेत, काही कळत नाही. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला सगळं दिसतं. पैसे मोजून आलेला मात्र शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावतो. म्हणजे विसंगती मिटली नाही, तिनं फक्त जागा बदलली. आधी पंच आंधळा होता, आता प्रेक्षक.

बंद खोलीत काय होऊ शकतं हे ३० सप्टेंबर २०२३ रोजी दिसलं. टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझनं गोल केला, मैदानावर ऑफसाइड दिला गेला. व्हीएआरनं तपासलं, डियाझ ऑनसाइड होता. पण मैदानावर गोलच दिला आहे, अशा समजुतीत खोलीतून ‘तपासणी पूर्ण’ असा निरोप गेला. मैदानावरच्यांनी त्याचा अर्थ घेतला, ऑफसाइड कायम. खेळ सुरू झाला. काही सेकंदांत खोलीत चूक लक्षात आली, सामना थांबवा असा आवाजही उठला. पण खेळ एकदा पुढे गेला की मागे येता येत नाही, असा नियम. लिव्हरपूल शेवटच्या मिनिटांतल्या स्वयंगोलनं २-१ हरला.

यंत्रानं चूक केलीच नव्हती. चित्र स्वच्छ होतं, रेषा बरोबर होती. चुकला तो संवाद. तो संवाद त्याच वेळी स्टेडियममध्ये ऐकू आला असता, तर खेळ सुरू होण्याआधीच हजारो जण ओरडले असते. ध्वनिमुद्रण लोकांसमोर आलं, पण तीन दिवसांनी.

आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना याचं महत्त्व लगेच कळेल. २००८ च्या सिडनी कसोटीतले पंचांचे निर्णय आपण अजून विसरलेलो नाही. तरीही बीसीसीआयनं डीआरएसला अनेक वर्षं विरोध केला आणि २०१६ च्या अखेरीस कुठे ते स्वीकारलं. आज त्यावर वाद होतात, पण बंड होत नाही. एक तर क्रिकेट प्रत्येक चेंडूनंतर आपोआप थांबतं, फुटबॉल थांबत नाही. दुसरं म्हणजे दाद मागायचा हक्क क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाच्या कर्णधाराकडे किंवा फलंदाजाकडे आहे आणि तो मोजका आहे. तिसरं, तिसरा पंच काय बघतोय, काय म्हणतोय, हे सगळ्यांना ऐकू येतं. आणि ‘अंपायर्स कॉल’ म्हणजे यंत्रानं स्वतःच्या मर्यादेची दिलेली कबुली आहे. निकाल विरोधात गेला तरी तो कसा लागला, हे माणसाला कळतं.

कुणाला विचारलं?

स्वीडननं २०२४ मध्ये व्हीएआरला नकार दिला. युरोपातल्या मोठ्या साखळ्या एकीकडे जात असताना हा देश वेगळा का राहिला? कारण तिथल्या क्लबांत बहुमत सभासदांचं, म्हणजे समर्थकांचं असतं. सभासदांनी सभेत हात वर केले आणि क्लबांना तेच मांडावं लागलं. नॉर्वेत उलटं झालं. व्हीएआर आधी आला, चर्चा नंतर. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या वरच्या दोन विभागांतल्या ३२ पैकी १९ क्लबांनी तो काढा म्हटलं, पण मार्चमध्ये महासंघाच्या सभेनं मोठ्या बहुमतानं तो ठेवला. इंग्लंडमध्ये जून २०२४ मध्ये वुल्व्ह्जनं व्हीएआर रद्द करण्याचा ठराव आणला. तो १९ विरुद्ध १ मतानं पडला. तिथे मतदान मालकांचं होतं. चाहत्यांना मत असतं तर आकडे असे एकतर्फी आले असते का, याबद्दल मला शंका आहे.

भारतात तर आपण अजून उलट्या टोकाला आहोत. मार्च २०२३ मध्ये बंगळुरूत आयएसएलच्या बाद फेरीत सुनील छेत्रीनं झटपट फ्री किक घेऊन गोल केला. आम्ही तयार नव्हतो, असं म्हणत केरला ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून गेला. क्लबला ४ कोटींचा दंड झाला, प्रशिक्षकावर दहा सामन्यांची बंदी आली आणि ‘आता तरी व्हीएआर आणा’ अशी हाकाटी झाली. पण खेळ पुन्हा कसा सुरू केला गेला, हे सहसा व्हीएआरच्या कक्षेत येत नाही. तो वाद चित्राचा नव्हता. पंचानं काय परवानगी दिली आणि ती दुसऱ्या संघाला कळली का, याचा होता.

म्हणून आपल्याकडे व्हीएआर येईल तेव्हा तो कसा यावा, हे आत्ताच बोललं पाहिजे. फिफानं स्वस्त पर्यायाचे प्रयोग सुरू केले आहेत. त्यात प्रशिक्षकाला मोजक्या वेळा दाद मागता येते आणि पंच स्वतः पडद्यावर पाहून ठरवतो. वेगळी खोली नाही, वेगळा पंच नाही. कमी पैशांत चालणाऱ्या साखळीसाठी मला हे जास्त शहाणपणाचं वाटतं. २०२३ च्या महिला विश्वचषकात पंचांनी माइकवरून निर्णय आणि कारण जाहीर केलं. प्रीमियर लीगलाही २०२५-२६ च्या मोसमात तेच करावं लागलं. पुढची पायरी म्हणजे तपासणी चालू असतानाचा संवाद मैदानात ऐकवणं आणि तिला वेळेची मर्यादा घालणं. दोन मिनिटं पाहूनही चूक दिसत नसेल, तर ती ‘स्पष्ट आणि उघड’ नव्हतीच. पंचाचा निर्णय राहू द्या, खेळ सुरू करा.

पंच चुकणार, हे चाहत्यानं कधीच मान्य केलं आहे. पंचाला शिव्या घालून तो घरी जातो आणि पुढच्या रविवारी परत येतो. त्याचं म्हणणं इतकंच आहे की माझ्या संघाचा गोल काढून घेणार असाल, तर माझ्या तोंडावर सांगा आणि कारण सांगा.