तारा बसवण्यापूर्वी

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजच्या महाविद्यालयीन तरुणाला मात्र चणेही हवेत, दातही हवेत, आणि ते दात एका ओळीत हवेत! यात हसण्यासारखे काही नाही. वेडेवाकडे दात नीट घासता येत नाहीत, त्यांत अन्न अडकते, कीड लागते. वरचे दात फार पुढे असतील तर पडल्यावर पहिला मार त्यांनाच बसतो. आणि हसताना तोंडावर हात धरणाऱ्या मुलीचे दुःख तिचे तिलाच ठाऊक. दात सरळ करावेत, याविषयी माझा वाद नाही. प्रश्न आहे तो, ते कोणाकडून करून घ्यावेत? नेहमीच्या डेंटिस्टकडून, की ऑर्थोडॉन्टिस्टकडून? धाकट्या बहिणीच्या निमित्ताने आमच्या घरात हा विषय निघाला, तेव्हा मी चार ठिकाणी चौकशी केली. त्यातून बनलेले माझे मत येथे मांडते.

प्रथम दोघांतील फरक पाहू. बी. डी. एस. हा इंटर्नशिपसह ५ वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात दात भरणे, काढणे, रूट कॅनाल, कवळी असे सारेच शिकवतात. तारांचा विषयही असतो, पण अनेकांपैकी एक. ऑर्थोडॉन्टिस्ट त्यानंतर ३ वर्षे एम. डी. एस. करतो आणि ती सारी वर्षे याच एका विषयाला देतो. या शास्त्राची पहिली स्वतंत्र शाळा एडवर्ड अँगल यांनी १९०० साली अमेरिकेतील सेंट लुई येथे काढली. आपल्या देशातील तज्ज्ञांची इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ पासून आहे. म्हणजे हे काही कालपरवाचे खूळ नव्हे.

‘तार चिकटवायला एवढे काय शिकायचे?’ असे कोणी विचारील. माझ्या मते खरा घोटाळा येथेच होतो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचे पातळ आवरण असते. दातावर सौम्य दाब सतत राहिला, की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि मागच्या बाजूला नवे हाड तयार होते. असा दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. दाब अवाजवी झाला तर मूळ झिजून आखूड होण्याची भीती असते, आणि झिजलेले मूळ पुन्हा वाढत नाही. तेव्हा तार चिकटवणे हे केवळ हातकाम. दोष दातांचा की जबड्याचा, जागेसाठी उपदाढा काढाव्यात की नाही, कोणता दात किती सरकवावा, हे एक्स-रे आणि साचे पाहून ठरवणे हे खरे काम. निरोगी दात चुकून काढला गेला, तर तो परत बसवता येत नाही.

याचा अर्थ डेंटिस्टकडे जाऊच नये, असा नाही. उलट पहिली पायरी त्यांचीच. कीड आणि हिरड्यांचे दुखणे आधी बरे व्हावे लागते. एखादी बारीक फट बुजवण्यासारखे किरकोळ काम अनुभवी डेंटिस्ट करू शकतात, कायद्याचीही आडकाठी नाही. पण ‘हे काम तज्ज्ञाचे आहे, तिकडे जा’ असे सांगणारा डॉक्टर मला अधिक विश्वासाचा वाटतो.

पाटी वाचतानाही डोळे उघडे ठेवावेत. एम. डी. एस. हिरड्यांच्या विषयातही होते, जबड्याच्या शस्त्रक्रियेतही होते. म्हणून ‘कशात?’ हे विचारावे. अनेक दवाखान्यांत ऑर्थोडॉन्टिस्ट महिन्यातून एक-दोनदा येतात. ही सोय चांगलीच आहे. मात्र आराखडा कोण करणार, दर महिन्याला तार कोण आवळणार, मध्येच तुटली तर कोण पाहणार, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

यावर आक्षेप येईल तो पैशांचा. खानापूर-चंदगडकडून बसने येणाऱ्या विद्यार्थ्याला तज्ज्ञाची फी परवडेल का? आक्षेप खरा आहे. पण बेळगावात १९८५ पासून दंत महाविद्यालय आहे. अशा संस्थांत पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, आणि खर्च सहसा खाजगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. खेपा जास्त पडतात, थांबावे लागते, हे मान्य. तरी उपचाराला दीड-दोन वर्षे लागतात, तेव्हा पदवीच्या पहिल्या वर्षीच सुरुवात करणे उत्तम. शेवटच्या वर्षी सुरू करून नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला गेल्यास निम्मे काम दुसऱ्याच्या गळ्यात पडते. ‘लग्न ठरलंय, सहा महिन्यांत दात सरळ करा’ ही घाई तर त्याहून वाईट.

घरबसल्या दात सरळ करून देण्याच्या जाहिरातींविषयीही सावध राहावे. पारदर्शक साचे टपालाने घरी पाठवणारी अमेरिकेतील स्माईल डायरेक्ट क्लब ही मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि उपचार अर्धवट राहिलेल्यांना वाली उरला नाही. साचे असोत वा तारा, त्यामागे तपासणारा जबाबदार माणूस हवा. काम संपल्यावरही रिटेनर वापरावा लागतो, नाहीतर दात पुन्हा मूळ जागेकडे सरकतात. हे बजावून सांगणाराही कोणी हवाच.

सारांश, तपासणी डेंटिस्टकडे, तारा ऑर्थोडॉन्टिस्टकडे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुधाचे दात पडले की निसर्ग दुसरे देतो. तिसरे देत नाही.